बोअरमध्ये पाणी सोडावं का?

डोळ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे दोन महिने इकडे फिरकले नाही. डॉक्टरांनी स्क्रीनकडे बघायला बंदी केली होती आणि सुनेने ती माझ्यापेक्षा जास्त पाळली. आता परवानगी मिळाली आहे, तर मनात साठलेलं लिहून टाकते. विषय जरा विचित्र वाटेल, पण आमच्या घरात त्यावरून महिनाभर अबोला चालला होता.

तर झालं असं की, एप्रिलमध्ये गावाकडून पुतण्याचा फोन आला. "काकू, तुम्ही एकदा येऊन आईला समजावा. माझं ऐकतच नाही."

त्याचं बोअर आहे ४२० फुटांचं. पूर्वी मार्चपर्यंत चालायचं, आता जानेवारीतच हवा ओकतं. कुठल्याशा शिबिरात त्याने पुनर्भरण बघितलं. म्हणजे बोअरच्या भोवती खड्डा घ्यायचा, केसिंगला छिद्रं पाडून जाळी गुंडाळायची, खड्ड्यात गोटे, खडी आणि वाळूचे थर भरायचे आणि पावसाळ्यात शेतातून वाहून जाणारं पाणी तिकडे वळवायचं. गाळून निघालेलं पाणी बोअरमधून खाली मुरतं. खर्चही फार नाही. पण आक्कांनी, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, ठाम नकार दिला. म्हणाल्या, "जमिनीत पाणी घालायचं न्हाई. एकदा घातलं तेवढं बास झालं."

पुतण्याला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट. मला तसं वाटलं नाही. का, ते सांगण्यासाठी मागे जावं लागेल. बाहेरगावी वाढलेल्या आमच्या घरच्या मुलांनाही हे नीट माहीत नाही, म्हणून त्यांच्यासाठीही लिहितेय.

आमचं गाव तेरणेच्या काठी. तेव्हा उमरगा तालुका होता, आता लोहारा आहे, आणि जिल्हा तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव. आम्ही दोघं नोकरीमुळे उमरग्याला भाड्याच्या खोलीत राहत होतो, मी माध्यमिक शाळेत मराठी आणि भूगोल शिकवायचे. गावाकडे सासूबाई, थोरले दीर, आक्का आणि त्यांची मुलं. घर माळवदाचं. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडं आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात काय गार असायचं ते घर!

१९९२च्या ऑगस्टपासून आमच्या भागात जमीन गुरगुरायला लागली. भांडी वाजायची, कधी खालून ट्रक गेल्यासारखा आवाज यायचा. ऑक्टोबरात एक धक्का जोराचा बसला, भिंतींना चिरा गेल्या. लोक घाबरून बाहेर झोपायला लागले. आमच्या घरचेही खळ्यावर बाजा टाकून झोपत होते. दिवाळीच्या सुट्टीत मी गेले तेव्हा आक्कांनी मला विचारलं, "तू भूगोल शिकवतीस. सांग, काय व्हनार हाय का?"

मी सांगितलं. वर्गात सांगायचे त्याच आवाजात सांगितलं. आपलं दख्खनचं पठार लाव्ह्याच्या थरांनी बनलेलं आहे, कठीण बेसाल्टचा खडक आहे, हा देशातला सगळ्यात स्थिर भाग, मोठे भूकंप हिमालयाकडे होतात. तेव्हाच्या सरकारी नकाशातही आपला भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, म्हणजे मी काही मनाचं सांगत नव्हते.

आक्का चौथी शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "मग कोयनेला कसा झाला?"

कोयनेचा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते. सुमारे २०० माणसं गेली. मी म्हटलं, "तिथं धरण आहे आक्का. पाण्यामुळं झाला म्हणतात."

"आपल्याकडं बी धरण झालंय की आता, माकणीला."

"ते केवढं, कोयना केवढी!" मी हसले. हो, हसले. तेही आठवतं.

मग सगळे आत झोपायला लागले. थंडीही पडायला लागली होती, माझ्या एकटीच्या बोलण्यावर गेले असं नाही. पण सासूबाईंनी शेजारणीला सांगितलेलं मी ऐकलं होतं, "धाकटी म्हनली काय न्हाई व्हत."

२९ सप्टेंबर १९९३ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले. ३०च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ते झालं. ६.२ तीव्रतेचा धक्का, बावन्न गावं भुईसपाट, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. उमरग्यात आम्ही भिंती तडकलेल्या खोलीतून बाहेर पळालो आणि वाचलो. गावाकडे सासूबाई गेल्या आणि आक्कांची नऊ वर्षांची मुलगी गेली. पुतण्या तेव्हा चार वर्षांचा होता, तो आक्कांच्या कुशीत तुळईखाली सापडला.

आक्कांनी मला त्या बोलण्याबद्दल कधीही, एका शब्दानेही, टोचलं नाही. बत्तीस वर्षं. टोचलं असतं तर बरं झालं असतं असं कधीकधी वाटतं.

तर अशा बाईला मी पुन्हा जाऊन "काही होत नाही" म्हणायचं होतं. मी पुतण्याला म्हटलं, मला पंधरा दिवस दे. नातवाला बसवलं, तो इंग्रजीतलं वाचून सांगायचा, मी वहीत लिहून घ्यायचे. (बी.ए. मराठी माध्यमातून. इंग्रजीशी आमचं नातं दुरून नमस्काराचं.) त्यातून जे समजलं ते आता माझ्या भाषेत सांगते.

पहिली गोष्ट, आक्का भलतंच काही म्हणत नव्हत्या. जमिनीत पाणी घालून भूकंप होतात, हे सिद्ध झालेलं आहे. अमेरिकेत डेनव्हर शहराजवळ लष्कराचा रासायनिक कारखाना होता. तिथलं विषारी सांडपाणी टाकायला त्यांनी ३,६७१ मीटर खोल विहीर खणली आणि मार्च १९६२पासून त्यात पाणी ढकलायला सुरुवात केली. काही आठवड्यांतच शहरात धक्के बसायला लागले. डेव्हिड एव्हान्स नावाच्या भूगर्भतज्ज्ञाने १९६५ साली पाण्याचा आलेख आणि धक्क्यांचा आलेख एकाखाली एक ठेवून दाखवला. पाणी वाढलं की धक्के वाढत होते. १९६६मध्ये पाणी बंद केलं. आणि सगळ्यात मोठा धक्का बसला १९६७च्या ऑगस्टमध्ये! हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. नळ बंद केल्यावर दीड वर्षाने.

नंतर त्याच राज्यात रेंजली नावाच्या तेलाच्या पट्ट्यात शास्त्रज्ञांनी मुद्दाम प्रयोग केला. खालचा दाब वाढवला की धक्के वाढले, उतरवला की कमी झाले. म्हणजे बटण सापडलं म्हणायचं.

हे का होतं? मी स्वयंपाकघरात समजून घेतलं. आमटीची गरम वाटी, बुडाला कडं असलेली, ओल्या ओट्यावर ठेवा. कधीकधी ती आपोआप सरकते. लहानपणी आम्ही त्याला भुताटकी म्हणायचो. कड्याखाली अडकलेली हवा तापून फुगते, वाटीला किंचित उचलून धरते. वाटीचं वजन तेवढंच असतं, पण ओट्याशी होणारं घर्षण कमी होतं. जमिनीखालच्या भेगांचंही तसंच. दोन्ही बाजूंचे खडक सरकायला टेकलेले असतात, फक्त वरच्या ओझ्याने एकमेकांना घट्ट धरून असतात. भेगेत पाणी दाबाने शिरलं की ते ती पकड सैल करतं. ताण आधीचाच असतो, कदाचित हजारो वर्षं साठलेला, पाणी फक्त कडी काढतं.

कोयनेला पाणी कोणी ढकललं नव्हतं, १०३ मीटर उंच धरणामागचा जलाशय खाली मुरत गेला. तिथे अजूनही धक्के बसतात, मोठं धरण आणि भूकंप यांचा संबंध जगात जिथे सगळ्यात जास्त अभ्यासला गेला त्यात कोयना आघाडीवर आहे. २०१७ साली तिथे गोठणे इथे ३ किलोमीटर खोल बोअर पूर्ण झालं, खाली काय चाललंय ते बघण्यासाठी. कराडला त्यासाठी प्रयोगशाळाही आहे.

आणि माकणी? निम्न तेरणा धरणाने किल्लारीचा भूकंप आणला का? याबद्दल तज्ज्ञांमध्ये एकमत झालेलं नाही. काहींनी लिहिलं की जलाशयाचा हात असू शकतो, काहींनी म्हटलं की धरण फार बुटकं आहे आणि खाली जुनाच कमकुवत पट्टा होता. म्हणजे आक्कांचं वाक्य जसं १९९२ला हवेत होतं तसंच अजून आहे. आणि माझं "ते केवढं, कोयना केवढी" हेही एका बाजूच्या तज्ज्ञांचं म्हणणं निघालं. त्याने मला बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. कारण मी ते काही मोजून म्हटलं नव्हतं.

आता खरी अडचण ही होती की, बोअरसाठीही माझ्याकडे पहिला मुद्दा तोच होता. "ते केवढं, हे केवढं!" मग फरक काय राहिला?

म्हणून नातवाला म्हटलं, असा धोका हे लोक मोजतात कसा ते वाच. तर त्यात बघतात किती पाणी, किती दाबाने, किती खोल, आणि तिथे खाली ताणलेली भेग आहे का. पहिल्या तीन गोष्टी माणसाच्या हातात असतात. चौथी बहुतेक वेळा भूकंप झाल्यावरच कळते, आणि सगळं गणित तिथेच अडकतं.

स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहराखाली जमिनीतली उष्णता काढण्यासाठी डिसेंबर २००६मध्ये ५ किलोमीटर खोल पाणी ढकललं. सुमारे ११,५०० घनमीटर. आपल्या भाषेत दहा हजार लिटरचे साडेअकराशे टँकर (मराठवाड्यात पाणी टँकरमध्येच मोजतात!). दाब तोंडाशीच हवेच्या दाबाच्या जवळजवळ ३०० पट. त्यांनी सिग्नलसारखी पद्धत ठेवली होती, बारीक धक्के असतील तर हिरवा, वाढले तर पिवळा, अमुक तीव्रता ओलांडली की लाल आणि काम बंद. लाल लागला, काम बंद केलं, आणि बंद केल्यावर काही तासांनी ३.४चा धक्का बसला. डेनव्हरचीच गोष्ट. प्रकल्प २००९मध्ये कायमचा गुंडाळला.

दक्षिण कोरियात पोहांगला असाच प्रकल्प होता. पाणी काही हजार घनमीटरच. किती पाणी घातलं की जास्तीत जास्त केवढा धक्का बसेल, याचं एक सूत्र तोवर शास्त्रज्ञांच्या वापरात होतं. १५ नोव्हेंबर २०१७ला तिथे ५.४चा भूकंप झाला, सूत्राच्या कितीतरी पुढे. शेवटचं पाणी घालून जवळजवळ दोन महिने झाले होते. बाझलच्या ३.४ आणि पोहांगच्या ५.४मध्ये आकड्याचा फरक दोनचा, पण उर्जेत तो हजारपट. २०१९मध्ये सरकारी समितीने सांगितलं की प्रकल्पाच्या पाण्याने एक अज्ञात भेग सुटली. एकदा ती सुटली की पुढे किती धावायचं हे घातलेल्या पाण्याने नाही, भेगेत साठलेल्या ताणाने ठरवलं.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. ओक्लाहोमा राज्यात तेलविहिरींचं खारं पाणी खोल जिरवायला लागल्यावर धक्के इतके वाढले की अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने २०१६ साली धोक्याचा नकाशा फक्त एका वर्षापुरता काढला. एरवी असे नकाशे पन्नास-पन्नास वर्षांचा विचार करतात. पण माणूस नळ कमी-जास्त करतोय तर नकाशाही दरवर्षी बदलणारच. आमचा १९९२चा नकाशा मी भिंतीवर लावून ठेवला होता, देवाच्या फोटोसारखा. तो काढताना आधी कुठे भूकंप झाले होते याची मुख्यत: नोंद घेतलेली असते. जिथली नोंदच नाही तिथे रंग फिका. किल्लारीनंतर, २००२ साली, तो सगळ्यात कमी धोक्याचा पट्टाच रद्द झाला आणि आपला भाग वर तिसऱ्या पट्ट्यात गेला. दहा हजार माणसांनी नकाशा दुरुस्त केला म्हणायचं.

असो. मग मी आमच्या बोअरचं गणित मांडलं. पाणी, पुतण्याच्या अंदाजाने चांगल्या पावसाळ्यात तीस-चाळीस टँकर. पण पोहांगने शिकवलं की नुसत्या पाण्याच्या मापावर झोपू नये, म्हणून पुढे गेले. दाब, पंपाचा काहीच नाही, पाणी आपल्या वजनाने उतरतं. बरं, पाण्याच्या वजनाचाही दाब असतोच की! पण माझं लग्न झालं तेव्हा त्याच रानातल्या विहिरीत वीस फुटांवर पाणी असायचं, पोहरा हाताने काढायचो. ते पाणी आपणच उपसून संपवलं. पुनर्भरण म्हणजे त्यातलं थोडंसं परत ठेवणं, जमिनीने पूर्वी पेललेल्यापेक्षा जास्त नाही. आणि खोली. किल्लारीला भूकंपानंतर संशोधनासाठी बोअर घेतलं, त्यात काळा खडक सुमारे ३३८ मीटरवर संपून खालचा जुना खडक लागला. आमचं बोअर १२८ मीटर, म्हणजे आमच्या रानातही ते काळ्या खडकातच संपत असणार. भूकंप त्याच्या कितीतरी खाली, काही किलोमीटरवर झाला.

नातू म्हणाला, "आजी, म्हणजे धोका शून्य." मी म्हटलं, तो शब्द वहीत लिहायचा नाही.

(जाता जाता, आपल्या बेसाल्टमध्ये कार्बन डायऑक्साइड वायू जिरवता येईल का याचा अभ्यास आपल्याकडेही होत आला आहे. आइसलंडमध्ये अशाच काळ्या खडकात ते करतातही. तिथल्याच वीजकेंद्राचं वापरलेलं पाणी २०११मध्ये जमिनीत परत सोडल्यावर धक्के बसले होते, मोठे चारच्या आसपास. उद्या कोणी मराठवाड्यात मोठी यंत्रं घेऊन आलं तर माझं हे बोअरचं गणित त्यांना लावू नका. तिथे दाब वेगळा, खोली वेगळी. त्यांना या चारही गोष्टी विचारायच्या, आणि उत्तर मराठीत, गावात, भूकंपमापकाच्या आकड्यांसकट मागायचं.)

मे महिन्यात गावी गेले. नवीन गावठाणातलं घर, पत्र्याचं. आक्का आता त्र्याऐंशीच्या. त्या अजून घरात झोपत नाहीत, पावसाळ्यातही पडवीत बाज असते. जेवणं झाल्यावर वही काढून बसले. वाटीचा प्रयोग करून दाखवला, पण वाटी काही सरकली नाही, पुतण्या हसायला लागला. मग नुसतंच सांगितलं.

म्हटलं, "आक्का, भूकंप परत यायचा नाही असं मी म्हणणार नाही. ते कोणालाच सांगता येत नाही. तुम्ही बाहेर झोपता ते झोपा. पण या बोअरच्या पाण्यानं त्याच्यात भर पडेल असं मला, सगळं मोजून, वाटत नाही. आणि माकणीचं तुम्ही म्हणत होतात, ते चूक होतं असं आजही कोणी छातीठोक सांगू शकत नाही. मी तेव्हा हसायला नको होतं."

त्या बराच वेळ सुपारी कातरत होत्या. मग म्हणाल्या, "तवा तुला ठावं नव्हतं?"

"नव्हतं."

"मग तसं म्हनायचं हुतंस."

एवढंच. मी काही बोलू शकले नाही. पुतण्या उठून बाहेर गेला.

थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, खड्डा केवढा घ्यायचा, वाळू कुठली आणायची. अट एकच घातली, शेतातल्या खोपटापासून खड्डा लांब पाहिजे आणि पाणी कधीही पंपानं ढकलायचं नाही. पुतण्या म्हणाला, बोअर आहे तिथेच खड्डा होणार ना आई, बोअर कसं हलवू? तर म्हणाल्या, "मग खोपट हलव." त्याने हलवलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस झाला. पुतण्याने फोटो पाठवला, खड्ड्यात गढूळ पाणी आणि काठावर डोक्यावर पोतं घेऊन बसलेल्या आक्का. ती वाळू दरवर्षी उपसून धुवावी लागते, नाहीतर गाळाने तुंबते. ते काम म्हणे आक्कांनी स्वतःकडे घेतलंय, मजूर नीट धुत नाहीत म्हणून.